बलक काढून टाकायची सवय आली कुठून?

नव्याने जिमला जाऊ लागलेला पोरगा असो की साठी ओलांडलेले काका, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग खाऊन बलक ताटाच्या कडेला सारणारे घरोघरी भेटतात. या सवयीचा माग काढत गेलं तर वाट १९१३ सालच्या सेंट पीटर्सबर्गला जाते. तिथे भेटतात ससे.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. प्रयोग मोठाच होता, त्यात वाद नाही. पण ससा पडला पाला खाणारा. त्याच्या रोजच्या चाऱ्यात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. कुत्र्या-उंदरांवर हाच प्रयोग केला तर तसं काही घडेना. माणसाचं यकृत तर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांच्या बाबतीत आपलं उत्पादन कमी करतं. हे सगळं कळेपर्यंत संशयाची सुई अंड्यावर रोखली गेली होती.

१९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सल्ला दिला: दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल, आठवड्याला फार तर ३ बलक. एका अंड्यात ते साधारण १८५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांत मर्यादा ओलांडलीच. १९८४ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ताटातला रडका चेहरा झळकला: दोन अंड्यांचे डोळे आणि बेकनची (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्टीची) वाकडी जिवणी.

गंमत अशी, की याच सुमारास आपल्याकडे उलटं वारं वाहत होतं. अंड्याचा भाव व्यापाऱ्यांऐवजी उत्पादकांनी ठरवावा म्हणून पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. पुढे तिचीच 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' ही जाहिरात पोराटोरांच्या तोंडी बसली. टीव्ही म्हणे रोज खा, डॉक्टर म्हणत जपून. मला वाटतं, पांढरं खायचं आणि पिवळं टाकायचं ही आपली तडजोड या ओढाताणीतच रुजली.

१९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख १८ हजार स्त्री-पुरुषांची पाहणी मांडली. निरोगी माणसांत रोज एका अंड्याने हृदयविकाराचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. मधुमेहींमध्ये मात्र वाढलेला दिसला. २०१५ च्या अमेरिकी आहारसूचनांतून ३०० मिलिग्रॅमची अट गेली. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासाने पुन्हा शंका काढली. अशा पाहण्या बऱ्याचदा लोकांच्या आठवणीवर चालतात, शिवाय तिकडे अंड्यासोबत बेकन आणि लोणी येतं. आपल्याकडे तेलात परतलेली भुर्जी आणि पाव. त्यांचा हिशेब अंड्याच्या खात्यावर का मांडायचा?

मधुमेहींचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. बाकी ताटाच्या कडेला राहतं त्या बलकात कोलीन नावाचं पोषकद्रव्य, अ आणि ड जीवनसत्त्वं, बहुतेक ब-१२ आणि शिवाय अंड्यातली अर्ध्याला थोडी कमी प्रथिनं असतात.