स्नानोपचार, गोव्यातील

दुखणे हलके करण्यासाठी गरम, गार, खाऱ्या किंवा पाला उकळलेल्या पाण्याने न्हाण्याची घरगुती पद्धत. चरकसंहितेत स्वेदनाचे, म्हणजे शेक देऊन घाम आणण्याच्या उपचाराचे, 13 प्रकार सांगितले आहेत. औषधी पाण्यात बसणे (अवगाह) आणि अंगावर धार धरणे (परिषेक) हे त्यांपैकीच. गोव्यात ही विद्या पिढ्यानपिढ्या न्हाणीत टिकून राहिली.

जुन्या घरात न्हाणी मागच्या अंगाला असते. चुलीवर पक्के बसवलेले तांब्याचे भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे) आणि त्याखाली नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले), माडाची वाळलेली चुडते (झावळ्या). सोडण हळूहळू धुमसत राहते, त्यामुळे पाणी बराच वेळ कढत राहते. बाळंतिणीसाठी त्यात निर्गुंडीचा नाहीतर कडुलिंबाचा पाला उकळतात. पाण्याला रंग चढला आणि कडवट वास न्हाणीभर पसरला की पाणी तयार. आधी तेलाने अंग रगडायचे, मग कमरेवर, पाठीवर तांब्या तांब्याने पाणी ओतायचे. न्हाऊ घालणारी बाई पाणी आधी आपल्या कोपराला लावून पाहते, कारण कामाने राठ झालेल्या बोटांना चटका नीट कळत नाही. या न्हाण्याचे मोल पाल्याइतकेच त्या हातांतही आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला दिवसातून निदान तेवढा वेळ कोणीतरी जपते, हे लहानसहान नव्हे.

दुसरी रीत खाऱ्या पाण्याची. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, आतल्या गावांतली माणसे मुद्दाम दर्यावर न्हायला जातात. एके काळी बैलगाड्या जुंपून जात. सांधेदुखी आणि त्वचेचे विकार यांवर हे न्हाणे गुणकारी मानतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले की शरीराचा भार जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी भासतो. जमिनीवर कुरकुरणारे गुडघे तिथे सहज वळतात ते यामुळेच. वाहत्या जखमेवर मात्र समुद्राचे पाणी घेऊ नये.

झऱ्यांनाही औषधी मानतात. वेर्ण्याजवळचे केसरवाळ त्यासाठी प्रसिद्ध आहे. साळगावची साळमणही लोकांच्या आवडीची. पावसाचे पाणी जांभ्या दगडाच्या सड्यात (पठारात) मुरते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. अंगावर पडणाऱ्या त्या गार धारेने थकवा उतरतो यात शंका नाही. त्वचारोग बरे होतात ही श्रद्धा आहे आणि ती श्रद्धा म्हणूनच नोंदवणे योग्य.

टबात बसून घ्यायचे कटिस्नान अलीकडचे. जर्मनीतील निसर्गोपचारक लुई कूने यांनी ते प्रसिद्धीस आणले, गांधीजींनी स्वतः करून पाहिले आणि 1946 मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले. बेंबीपर्यंत पाणी येईल एवढ्या टबात बसायचे, पाय बाहेर पाटावर ठेवायचे. मूळव्याध किंवा गुदद्वाराच्या चिरेसाठी 37 ते 40 अंश सेल्सिअसच्या साध्या पाण्यात 10 ते 15 मिनिटे बसले की स्नायूंचा ताण सैल होतो आणि ठणका कमी होतो. पाण्यात काही घालायची गरज नसते. रक्त पडतच राहिले तर टबावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे.

उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून कढत पाण्यातून झटकन उठल्यास भोवळ येऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कढत पाण्यात बसू नये. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते आणि मग भाजलेले कळतही नाही. अशा माणसाचे पाय पाण्यात ठेवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखे, पाणी कोपराला लावून पाहावे.