मे, जून, जुलै आणि क्रोमियम

जन्मरत्नांचा विषय निघाला की ‘ही हजारो वर्षांची परंपरा आहे’ हे वाक्य हमखास येते. ते अर्धेच खरे आहे. बायबलच्या जुन्या करारात अहरोन या मुख्य याजकाच्या उरपट्टीवर इस्राएलच्या बारा वंशांची बारा रत्ने जडवल्याचे वर्णन आहे. पहिल्या शतकात जोसेफस या इतिहासकाराने त्या बारांचा संबंध महिन्यांशी आणि राशींशी जोडला. पण प्रत्येकाने फक्त आपल्या जन्ममहिन्याचा खडा अंगावर वागवावा, ही चाल अठराव्या शतकात पोलंडमध्ये पडली असे मानतात. त्यातच रत्नांची नावेही वाटेत बदलली. प्राचीन लेखनातले ‘सॅफायर’ म्हणजे बहुतेक ठिकाणी आजचा नीलम नव्हे, लाजवर्द हा दुसराच निळा दगड.

आज जगभर फिरते ती यादी १९१२ सालची. अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने कॅन्ससमध्ये बैठक घेऊन ती ठरवली. १९५२ साली तिच्यात जूनसाठी अलेक्झांड्राइट आले, २००२ साली डिसेंबरसाठी टांझानाइट, २०१६ साली ऑगस्टसाठी स्पिनेल. यातले टांझानाइट टांझानियात सापडले तेच १९६७ साली. त्याआधी डिसेंबरात जन्मलेल्या कोट्यवधी लोकांचे नशीब कोणत्या खड्यावर चालत होते? खडा आवडला म्हणून जरूर घालावा. पण त्याने आजार बरा होईल, ग्रह शांत होतील असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे.

मला या यादीत मोह पडतो तो सलग तीन महिन्यांचा. मेचा पाचू हिरवा, जुलैचे माणिक लाल, आणि मधल्या जूनचे अलेक्झांड्राइट दिवसा हिरवट, मेणबत्तीच्या उजेडात लालसर. हे तिन्ही रंग एकाच मूलद्रव्याचे आहेत: क्रोमियमचे.

माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, शुद्ध असेल तर रंगहीन. पाचू हे बेरिल नावाचे खनिज, अलेक्झांड्राइट हे क्रिसोबेरिल नावाचे; शुद्ध रूपात तीही रंगहीनच. स्फटिक घडताना अ‍ॅल्युमिनियमच्या काही जागांवर क्रोमियमचे अणू बसतात, तेही फार थोडे, पण तेवढे पुरतात. तिथे क्रोमियमभोवती ऑक्सिजनचे सहा अणू असतात. क्रोमियमच्या बाहेरच्या भागात तीन इलेक्ट्रॉन उरलेले असतात आणि त्यांच्यासाठी पाच ‘डी’ कक्षिका, म्हणजे इलेक्ट्रॉन राहू शकतील अशा जागा, असतात. अणू एकटा असता तर या पाचही कक्षिकांची ऊर्जा सारखी असती. पण ऑक्सिजनकडे तोंड असलेल्या दोन कक्षिकांना ऑक्सिजनचा ऋणभार रेटतो, त्यांची ऊर्जा वाढते. उरलेल्या तीन खाली राहतात. या दोन मजल्यांतले अंतर जेवढे, तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश इलेक्ट्रॉन शोषतो आणि वर उडी मारतो.

माणकात हे अंतर सुमारे २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) आहे. म्हणजे हिरवा-पिवळा प्रकाश गिळला जातो. इलेक्ट्रॉनांची आपसातली ओढाताण धरली की शोषणाचा दुसरा पट्टा जांभळ्यात पडतो. मग पार होतो तो मुख्यतः लाल. पाचूत बेरिलियम आणि सिलिकॉनही ऑक्सिजनशी बांधलेले असतात, त्यामुळे क्रोमियमवरचा रेटा सैल पडतो आणि अंतर सुमारे २.०५ वर येते. जेमतेम सात टक्क्यांचा फरक! पण तेवढ्याने शोषणाचा पट्टा नारिंगी-लालकडे सरकतो, आणि हिरव्याला वाट मोकळी होते.

अलेक्झांड्राइटचे अंतर या दोहोंच्या मधले. त्यातून लाल आणि हिरवा दोन्ही जवळजवळ सारखे पार होतात, म्हणून निकाल लागतो तो दिव्यावर. दिवसाच्या प्रकाशात हिरवा-निळा भरपूर असतो, आपला डोळाही हिरव्याला जास्त संवेदनशील, म्हणून खडा हिरवा दिसतो. मेणबत्तीच्या ज्योतीत लाल भाग जास्त, तिथे तोच खडा लाल होतो.

माणकाची आणखी एक गंमत आहे. वर उडी मारलेला इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा स्फटिकाला उष्णतेच्या रूपात देतो आणि मधल्या एका पातळीवर थबकतो, साधारण काही मिलिसेकंद. इलेक्ट्रॉनांच्या जगात हा फार मोठा काळ. तिथून खाली येताना तो ६९४ नॅनोमीटरचा शुद्ध लाल प्रकाश सोडतो. चांगले माणिक उन्हात निखाऱ्यासारखे पेटलेले वाटते, त्यात या प्रकाशाचाही वाटा असतो. वर थबकलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या खालच्यांपेक्षा जास्त करता आली तर ते एकदम, एका तालात खाली आणता येतात. १९६० साली थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीभोवती झगझगीत फ्लॅश दिवा गुंडाळून नेमके हेच केले, आणि जगातला पहिला लेसर पेटला.