क्रॅश डम्प स्वॅपमधेच का जातो, आणि बूटशी त्याचं एवढं काय नातं आहे

सर्व्हर रात्री पॅनिक झाला (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल, सावरता न येणारी चूक दिसून थांबला), आपला आपणच रीबूट झाला, सकाळी मॉनिटरिंगवर सगळं हिरवं, आणि साहेब विचारतायत आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा रिपोर्ट, कुठाय. मग पहिला प्रश्न डम्प, म्हणजे पडतानाच्या मेमरीची नक्कल, मिळाला का, आणि बऱ्याचदा उत्तर असतं की नाही मिळाला किंवा अर्धवट मिळाला. नवीन पोरं हमखास विचारतात की डम्प सरळ एखाद्या फाइलमधे का नाही लिहून टाकत, हे स्वॅपमधे, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कच्या भागात, टाका, मग बूट होताना उचला, एवढं लफडं कशाला. प्रश्न अगदी रास्त आहे, पण उत्तरासाठी पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हाची मेमरी म्हणजे फेराइटच्या बारीक बारीक रिंगा, त्यातून हाताने ओवलेल्या तारा, आणि एका रिंगेत एक बिट. एमआयटीच्या व्हर्लविंड मशीनमधे १९५३ साली ही कोर मेमरी बसली आणि पुढची वीसेक वर्षं तिचंच राज्य होतं. तिचा एक गुण असा की वीज गेली तरी आतलं जात नसे, त्यामुळे मशीन बंद पडलं तरी पुरावा जागच्या जागी असायचा, घाई कसलीच नाही. युनिक्स १९६९ मधे बेल लॅब्जमधे पीडीपी-७ वर सुरू झालं आणि मग पीडीपी-११/२० वर गेलं, त्या मशीनला कोर होती २४ केबी, त्यातली १६ सिस्टिमला आणि ८ युजर प्रोग्रामला, डिस्क ५१२ केबी. म्हणजे अख्ख्या मेमरीचा डम्प आजच्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान.

पॅनिकचा किस्सा टॉम व्हॅन व्लेक यांनी सांगितलेला आहे. ते मल्टिक्स या युनिक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करायचे, आणि तिथे त्यांचा निम्मा तरी कोड एरर आली तर काय करायचं यातच जायचा. त्यांनी युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांना विचारलं की तुम्ही हे कसं करता, तर रिची म्हणाले ते सगळं आम्ही काढूनच टाकलंय, पॅनिक नावाचं एक रूटीन आहे, ते चाललं की मशीन बसतं आणि मग कॉरिडॉरमधे ओरडायचं की अरे रीबूट कर. हे ऐकून हसू येतं पण डिझाइन म्हणून ते बरोबरच होतं असं मला वाटतं, बिघडलेल्या कर्नलला शहाणपणा शिकवत बसण्यापेक्षा थांबवलेलं बरं.

सहाव्या एडिशनमधे, म्हणजे १९७५ च्या युनिक्समधे, हे पॅनिक फंक्शन जेमतेम चारपाच ओळींचं आहे. बफरमधलं जे असेल ते डिस्कवर सिंक करायचं, म्हणजे लिहून टाकायचं, मेसेज छापायचा, आणि मग अनंत लूपमधे गप्प बसायचं. रूट फाइलसिस्टिमचा सुपरब्लॉक, म्हणजे तिच्या माहितीचा मुख्य ब्लॉक, वाचता आला नाही तर मेसेज यायचा ‘पॅनिक: आयइनिट’, बस, एवढाच. आज लिनक्सवर जो ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ बघून आपल्या पोटात गोळा येतो त्याचा हा पणजोबा. आणि त्याच लिनक्स मेसेजच्या सुरुवातीला जे ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग’ असतं, त्याचंही मूळ इथलंच आहे. जुनं लिनक्स पॅनिक झाल्यावर आधी सिंक करायचा प्रयत्न करायचं, फक्त इंटरप्टमधे किंवा आयडल टास्कमधे पॅनिक झालं तर नॉट सिंकिंग छापायचं, नंतर लोकांच्या लक्षात आलं की वेड लागलेल्या कर्नलकडून डिस्कवर काही लिहून घेणं हाच मोठा धोका आहे, म्हणून सिंक कायमचं काढलं आणि ते दोन शब्द मात्र राहिले.

डम्प काढणं हे तेव्हा हाताने करायचं काम होतं. टेप ड्राइव्हवर टेप चढवायची, समोरच्या पॅनेलच्या स्विचेसवर ऑक्टल ४४ हा ॲड्रेस लावायचा आणि स्टार्ट दाबायचं, तिथे डम्प रूटीनवर उडी मारणारी इन्स्ट्रक्शन ठेवलेली असायची आणि सगळी कोर टेपवर उतरायची. बूटलोडर ‘@’ दाखवून थांबायचा, तिथे कर्नलचं नाव टाइप करायचं, आणि सिंगल युजरमधे, म्हणजे फक्त ॲडमिनच्या दुरुस्तीच्या मोडमधे, जायचं असेल तर स्विचेसवर १७३०३० लावून ठेवायचं, इनिट हा पहिला चालणारा प्रोग्राम ते स्विच वाचायचा. फाइलसिस्टिम तपासायला आयचेक, डीचेक असे वेगवेगळे प्रोग्राम होते आणि कुठला आयनोड, म्हणजे फाइलची नोंद, उडवायचा ते ॲडमिनने स्वतः ठरवायचं. एफएससीके हा टेड कोवाल्स्की यांनी नंतर लिहिला, त्याने हे सगळं एका जागी आणलं आणि बेवारस फाइल्स लॉस्ट अँड फाउंडमधे टाकायची सोय केली.

खरी गोची पुढे झाली. कोर मेमरी जाऊन सेमीकंडक्टर मेमरी आली, मशीनं मोठी झाली, युजर वाढले आणि रात्री कॉरिडॉरमधे ओरडायला कोणी नसायचं, म्हणून बर्कलीच्या लोकांनी १९८० च्या आसपास व्हॅक्स मशीनवरच्या बीएसडीत, म्हणजे त्यांच्या युनिक्समधे, आपोआप रीबूट आणलं. पण रीबूट म्हणजे मेमरीतला पुरावा गेला. मग त्याच्या आधी तो कुठेतरी लिहायला हवा, आणि लिहिणार कोण, तर तोच पॅनिक झालेला कर्नल! त्याला फाइलसिस्टिमला हात लावू देणं म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्यालाच पंचनामा लिहायला बसवणं. तर त्यातल्या त्यात सुरक्षित जागा म्हणजे स्वॅप पार्टिशन, कारण तिथे फाइलसिस्टिमच नसते, डिस्कचे कच्चे ब्लॉक असतात आणि रीबूटनंतर तिथलं जुनं काही कोणाला नको असतं. म्हणून डम्प स्वॅपवर.

मग बूट होताना सेव्हकोर नावाचा प्रोग्राम तो डम्प स्वॅपमधून उचलून फाइलमधे ठेवणार. पण ती फाइल ठेवायला फाइलसिस्टिम माउंट हवी, माउंट करायच्या आधी एफएससीके हवा, आणि मोठ्या डिस्कवर एफएससीके मेमरी खातो, म्हणजे स्वॅप वापरला जाऊ शकतो, म्हणजे ज्या डम्पसाठी हे सगळं चाललंय तोच पुसला जाणार. यावर बीएसडीने साधा इलाज केला, डम्प स्वॅपच्या शेवटाला टेकवून लिहायचा, कारण स्वॅपिंग सुरुवातीकडून भरत येतं. पण बूटच मधे अडकलं, कोणी सिंगल युजरमधे तासभर काहीबाही चालवत बसलं, तर पुरावा गेला. डम्प न मिळण्याची निम्मी कारणं खरं तर बूटची असतात ती इथून.

व्हेंडरच्या जमान्यात प्रत्येकाने आपापलं केलं, गाभा तोच. सनच्या स्पार्क मशीनवर ओपनबूट या बूट फर्मवेअरचा ‘ओके’ प्रॉम्प्ट होता, मशीन हँग झालं की स्टॉप-ए दाबून तिथे यायचं आणि ‘सिंक’ टाइप केलं की कर्नल पॅनिक होऊन डम्प घ्यायचा. तिथलीच एक प्रसिद्ध बूट एरर म्हणजे ‘द फाइल जस्ट लोडेड डझ नॉट अपिअर टू बी एक्झिक्युटेबल’, डिस्क मिरर केलेली असायची पण दुसऱ्या डिस्कवर बूटब्लॉक (बूट सुरू करणारा कोड) टाकायचा राहिलेला असायचा, आणि पहिली डिस्क मेल्यावरच ते कळायचं. आयबीएमच्या आरएस/६००० वर तर मेसेजही नाही, समोर तीन आकड्यांचा एलईडी. ५५२, ५५४, ५५६ म्हणजे रूट व्हॉल्यूम ग्रुपमधे (सिस्टिमच्या डिस्कच्या गटात) किंवा त्याच्या जेएफएस फाइलसिस्टिमच्या लॉगमधे घोळ. लुकलुकणारा ८८८ म्हणजे मशीन गेलं. ०सी९ म्हणजे डम्प चालू आहे, ०सी० म्हणजे डम्प नीट झाला. आणि ०सी९ दिसत असताना कोणीतरी घाबरून पॉवर बटण दाबायचं, मग सपोर्टवाल्यांना पाठवायला काही उरायचं नाही.

जर्नल, म्हणजे बदलांची आधीच केलेली नोंद, असलेल्या फाइलसिस्टिम आल्या तेव्हा तासांचा एफएससीके सेकंदांवर आला, त्यातली व्हीएक्सएफएस ही व्हेरिटासची, आणि व्हेरिटासचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर पुण्यातच होतं, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी या कोडला आतून हात लावलाय.

लिनक्सकडे बराच काळ क्रॅश डम्पच नव्हता. ऊप्स, म्हणजे कर्नलचा एरर मेसेज, स्क्रीनवर यायचा, तो हाताने उतरवून घ्यायचा किंवा सीरियल कन्सोल लावून पकडायचा, मग केसिमऊप्स या प्रोग्रामला देऊन हेक्स ॲड्रेसवरून फंक्शनची नावं काढायची. एसजीआयने एलकेसीडी हे डम्पचं साधन आणलं पण ते मेनलाइनमधे, म्हणजे मुख्य कर्नलमधे, गेलंच नाही, आणि त्याचीही अडचण तीच, मेलेल्या कर्नलच्याच डिस्क ड्रायव्हरवर भिस्त. उत्तर निघालं केएक्झेकमधून, एरिक बीडरमन यांनी केलेली सोय, की चालू कर्नलमधून बायोसकडे न जाता थेट दुसरा कर्नल बूट करायचा. त्यावर आयबीएमच्या बंगलोरच्या टीममधल्या विवेक गोयल वगैरे मंडळींनी केडम्प उभं केलं आणि ऑगस्ट २००५ मधे २.६.१३ कर्नलमधे ते आलं. मेमरीचा एक तुकडा आधीच राखून ठेवायचा, त्यात दुसरा कर्नल लोड करून ठेवायचा, पहिला मेला की दुसरा तिथेच उठतो आणि पहिल्याची मेमरी फाइलसारखी वाचतो. संशयिताच्या हातून लिहून घ्यायची गरजच संपली, म्हणून आता डम्प सरळ फाइलमधे जाऊ शकतो. मेमरी टेराबाइटमधे गेली तरी रिकामी पानं आणि कॅशची पानं गाळून तो आटोक्यात येतो.

साध्या प्रोग्रामच्या कोर फाइलची, म्हणजे एकट्या प्रोग्रामच्या डम्पची, कथा वेगळी, ती पहिल्यापासून चालू डिरेक्टरीत ‘कोर’ नावाने पडायची, आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून, जुन्या कोर शोधून उडवणं हे प्रत्येक ॲडमिनचं ठरलेलं काम. तिचा धोका २००६ मधे नीट कळला. कर्नलच्या एका चुकीमुळे साधा युजरसुद्धा रूटच्या मालकीची कोर नको त्या डिरेक्टरीत पाडू शकत होता, मग लोकांनी प्रोग्रामच्या मेमरीत क्रॉनची एक ओळ ठेवून ती कोर क्रॉनच्या डिरेक्टरीत पाडली, क्रॉनने बाकीचा कचरा सोडून ती ओळ इमानदारीत चालवली. जुलै २००६ मधे डेबियनचा एक सर्व्हर असाच गेला. आता बऱ्याच डिस्ट्रोवर कोर पाइपने सिस्टिमडीच्या कोरडम्प प्रोग्रामकडे जाते, आणि जिथे तसं नाही तिथे बऱ्याचदा युलिमिट (कोरच्या आकाराची मर्यादा) शून्य असते म्हणून काहीच पडत नाही.

केडम्पने जुना गुंता सोडवला खरा, पण आता डम्प घेणं हेच एक बूट झालंय. त्यामुळे केडम्पच्या इनिटरॅमएफएसमधे (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाइलसिस्टिममधे) स्टोरेजचा ड्रायव्हर नसला, राखलेली मेमरी कमी पडली किंवा मल्टिपाथ (डिस्ककडे जाणारे एकाहून जास्त मार्ग) नीट उठला नाही तर डम्पच्या वेळी बूट एरर येते, आणि ती बघायला कन्सोलवर कोणी नसतं. वर क्लस्टर असेल तर दुसऱ्या नोडला वाटतं हा मेला, आणि तो डम्प लिहून व्हायच्या आधीच फेन्सिंग करून पॉवर घालवतो, म्हणजे ०सी९ च्या वेळचं पॉवर बटण आता सॉफ्टवेअर दाबतं. म्हणून नवीन सर्व्हर लाइव्ह करायच्या आधी सिसआरक्यू ट्रिगरमधे (कर्नलला थेट हुकूम द्यायच्या फाइलमधे) ‘सी’ टाकून एकदा मुद्दाम क्रॅश करून बघा, तेही क्लस्टर चालू ठेवून.