एकाला फट हवी, दुसऱ्याला नको: कारखान्याची टोपी आणि गाडीचं हेल्मेट

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, कुठंही जा. बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर पाटी असते, 'हेल्मेट सक्तीचे', नाहीतर कन्नडमधून 'हेल्मेट कड्डाय'. खानापूर रोडवरचा पोलीसही तेच सांगतो. कुठलं हेल्मेट, हे पाटीवर नसतं आणि पोलीसही सांगत बसत नाही. मग शिफ्ट सुटली की तिसऱ्या रेल्वे गेटाकडं निघालेल्या दुचाक्यांवर पिवळ्या टोप्या दिसायला लागतात. हटकलं तर उत्तर तयार: "हेल्मेटच की हे. कंपनीनं दिलंय, चांगलं मजबूत आहे." उलटंही घडतं. एखाद्या लहान वर्कशॉपात गाडीचं हेल्मेट घालून, काच खाली ओढून ग्राइंडिंगला बसलेला पोरगा दिसतो आणि मालक कौतुकानं म्हणतो, काळजी घेतोय बघा.

दोघांचाही समज एकच असतो: वरचं कवच जितकं टणक, तितकं डोकं सुरक्षित. हे ऐकून ऐकून कान किटले. कवच दोन्हीकडं आहे, पण मार खरा सोसतो तो त्याच्या आतला ऐवज, आणि तो दोन्हींत पूर्ण वेगळा आहे.

गाडीचं हेल्मेट सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यावर फार बोलत नाही. कवचाच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो. डोकं आपटलं की तो थर चेपतो आणि चेपता चेपता धक्का खातो. एकदा चेपला की परत फुगत नाही, म्हणून एका अपघातानंतर हेल्मेट बाद. ते कपाळ, कानशिलं आणि मागची बाजू झाकतं, गालाला घट्ट बसतं, डोकं आणि थर यांच्यात मोकळी जागा ठेवत नाही. जागा राहिली तर डोकं आतल्या आत आपटतं. इतकं पुरे.

आता पिवळी टोपी उलटी करून हातात घ्या. आत थर्माकोल सहसा नसतो, असतो तो पट्ट्यांचा पाळणा. दुकानदार त्याला हार्नेस म्हणतात, कामगार आतला पट्टा म्हणतात. चार किंवा सहा टोकं कवचाच्या कडेला खाचांत अडकवलेली असतात आणि पट्ट्या डोक्यावरून आडव्या-उभ्या जातात. टोपी घातली की डोकं त्या पट्ट्यांना टेकतं, कवचाला टेकत नाही. डोक्याचा माथा आणि कवच यांच्यामध्ये मोकळी फट राहते. युरोपच्या ईएन 397 या मानकात ती किमान 25 मिलिमीटर लागते, म्हणजे साधारण एक इंच. टोपीचं सगळं काम त्या एका इंचात होतं.

वरून पाना पडला, विटेचा तुकडा पडला, क्रेनच्या साखळीचं टोक लागलं, तर कवच तो मार एका जागी न ठेवता पसरवतं आणि पट्ट्यांकडं देतं. नवारीच्या खाटेवर कुणी धपकन बसलं की नवार दबते, तशा पट्ट्या ताणतात आणि कवच खाली येतं. त्या ताणण्याला जो क्षण लागतो आणि जे अंतर लागतं, त्यात मार बोथट होतो. त्याच मानकाच्या चाचणीत 5 किलोचं वजन 1 मीटरवरून टोपीच्या माथ्यावर सोडतात, आणि आतल्या नकली डोक्यापर्यंत 5 किलोन्यूटनपेक्षा जास्त बळ पोचता कामा नये. 5 किलोन्यूटन म्हणजे साधारण पाचशे किलोचा भार क्षणभर. मर्यादेतला मारसुद्धा एवढा असतो. फट भरली तर काय होईल याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

आणि आपल्याकडं ती फट हमखास भरलेली असते. माव्याची पुडी, विड्यांचं बंडल, घडी केलेला गेटपास, कधी मोबाईल. टोपी म्हणजे जणू बिनभाड्याचं कपाट. वयस्कर मंडळी खाली पांढरी गांधी टोपी ठेवतात, तरुण पोरं टॉवेलची घडी घालतात. घामाला बरं पडतं, मान्य. पण टॉवेलच्या घडीवर टोपी उंच बसते आणि मान वाकवली की घसरते, आणि मोबाईल वर असला तर पडलेला पाना मोबाईलमार्फत सरळ टाळूवर येतो. टोकाला पोचलेले काही जण आतला पट्टाच काढून टाकतात, "टोचतोय" म्हणून. पट्टा काढलेली टोपी म्हणजे उलटा धरलेला प्लॅस्टिकचा डबा. ती डोक्यावर असणं आणि नसणं यात फरक फक्त इन्स्पेक्टरला दिसण्यापुरता.

आता ही टोपी गाडीवर घाला. तिची चाचणी माथ्यावरच्या मारासाठी असते, कारण कारखान्यात वस्तू वरून पडते. गाडीवरून माणूस पडतो तो आडवा, नाहीतर पुढं. कानशील, हनुवटी, मागची कवटी रस्त्यावर घासते, आणि तिथं पिवळ्या टोपीत ना थर्माकोल आहे ना पट्टा. मुळात तोवर ती डोक्यावर राहतच नाही.

याचं कारण हनुवटीचा पट्टा, आणि हा भाग कुणालाच ठाऊक नसतो. गाडीच्या हेल्मेटचा पट्टा कितीही ओढ बसली तरी सुटू नये म्हणून बनवतात. कारखान्याच्या टोपीचा पट्टा मुद्दाम सुटावा म्हणून बनवतात. ईएन 397 प्रमाणे तो 150 ते 250 न्यूटनच्या दरम्यान सुटायला हवा, म्हणजे पंधरा ते पंचवीस किलोची ओढ. टोपी हलत्या यंत्रात किंवा हुकात अडकली तर टोपी जावी, गळा आवळला जाऊ नये, असा त्यामागचा विचार. उंचावर काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी. टॉवरवर, पाण्याच्या टाकीवर, शेडच्या पत्र्यावर चढणाऱ्यानं गिर्यारोहकांच्या धर्तीची टोपी घ्यावी. तिचा पट्टा 500 न्यूटनपर्यंत टिकतो, कारण पडताना टोपी डोक्यावर राहणं तिथं महत्त्वाचं.

गाडीचं हेल्मेट फाउंड्रीत का नको, हे थोडक्यात. कान झाकले जातात, मागून येणाऱ्या क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही. भट्टीजवळच्या उष्णतेत थर्माकोल बसतो. मान वर करून बघायला त्रास होतो. आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्यांना तोंडावर फेस शील्ड लागतं, गाडीची काच त्यासाठी केलेली नसते.

रंगाबद्दल मला अनेक जण विचारतात. पांढरी इंजिनिअरची, पिवळी कामगाराची, हिरवी सेफ्टीवाल्याची. हे सगळे साइटचे रिवाज, टोपीच्या ताकदीशी त्याचा काडीचा संबंध नाही. वजनाचंही तसंच, पिवळी टोपी चारशे ग्रॅमच्या आसपास असते आणि गाडीचं हेल्मेट त्याच्या तिपटीच्या घरात, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

तपासणीत लोक काय करतात? कवचावर टिचकी मारतात, तडा नाही म्हणतात आणि परत खुंटीला अडकवतात. तपासायला हवा तो पाळणा. टोपी उलटी धरून एकेक टोक बोटानं ओढून बघावं: खाचेत नीट बसलंय का, प्लॅस्टिकच्या जिभेवर पांढरी रेघ उमटलीय का. पांढरी रेघ म्हणजे ती मोडायच्या वाटेवर आहे. पट्टीची शिलाई उसवलीय का, घामानं कडक झालीय का, मागचं रॅचेटचं चाक (फिरवून टोपी डोक्याला घट्ट करतात ते) घट्ट करून सोडल्यावर आपोआप सरकतंय का. यातलं काहीही आढळलं तर हार्नेस बदला. मोठे उत्पादक साधारण वर्षाला हार्नेस आणि वापराच्या पाच वर्षांत कवच बदला म्हणतात. उन्हात आणि भट्टीजवळ त्याच्याही आत. हार्नेस त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा. एकाचा दुसऱ्याला "बसतोय की" म्हणून ठोकून बसवलेला चालत नाही.

कवच बघायचं ते असं. दोन्ही बाजूंनी तळहातानं दाबून सोडा. ते दबून लगेच पूर्ववत व्हायला हवं. कटकट आवाज आला किंवा नखानं खरवडल्यावर पांढरी पूड निघाली तर उन्हानं प्लॅस्टिक मेलंय. पत्र्याच्या शेडवर आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टोप्या वाळत ठेवायची सवय आहे ना, तिचं हे फळ. वरून एकदा जोराचा मार बसलेली टोपी दिसायला धड असली तरी काढून टाका, आणि फेकण्याआधी कापा, नाहीतर पुढच्या आठवड्यात ती कुणा हेल्परच्या डोक्यावर दिसेल.

वय ओळखायला कवचाच्या आत एक छोटं घड्याळ असतं. 1 ते 12 आकडे गोलात, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे शेवटचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडं तो बनवल्याचा महिना. वापर सुरू केल्याची तारीख कागदी चिठ्ठीवर लिहून हार्नेसला बांधा, कवचावर मार्करनं नाही. धुवायचं साध्या साबणानं आणि कोमट पाण्यानं. थिनर, पेट्रोल, ऑइल पेंट यांनी प्लॅस्टिक ठिसूळ होतं. ऑइल पेंटनं टोपीवर नाव रंगवून घेण्याची हौस आमच्याकडं फार, ती मला अजिबात पसंत नाही.

खरेदी करताना आयएसआयचा छाप शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. छापाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. आयएस 2925 असेल तर ती कारखान्याची टोपी, आयएस 4151 असेल तर गाडीचं हेल्मेट. छापाखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा हे कळतं. 1 जून 2021 पासून दुचाकीची बिनछापाची हेल्मेटं विकायलाच बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला ढिगानं दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येही नुसतं डोकं झाकणं पुरत नाही, मानकात बसणारं आणि नीट बांधलेलं हेल्मेट लागतं. म्हणजे पिवळी टोपी घालून चाललेला माणूस कायद्यापुढं उघड्या डोक्याचाच.

साधी टोपी पिन लॉकची (पट्टीच्या भोकात खुंटी अडकवायची) घ्यायची की रॅचेटची? माझं मत ठाम आहे, रॅचेट. शिफ्टमध्ये टोपी हातातून हातात जाते, पिन लॉक कुणी नीट बसवून घेत नाही. साध्या शॉप फ्लोअरला एबीएस किंवा एचडीपीई या प्लॅस्टिकची टोपी पुरते. एचडीपीई साधारण 130 अंशाला वितळतं, त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, म्हणून लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) ओतणाऱ्याला फायबरची टोपी द्या. इलेक्ट्रिशियनला छिद्रं असलेली टोपी देऊ नका, कितीही गार वाटली तरी. आणि स्टोअरमध्ये टोप्यांच्या हिशेबात सुट्या हार्नेसचीही मागणी टाका. बहुतेक ठिकाणी ती नोंदच नसते.

कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीच्या हेल्मेटसाठी कड्या असल्या तर निम्मा घोळ आपोआप मिटतो. गेटवर गाडीचं हेल्मेट कडीला अडकवायचं, आत टोपी घ्यायची, सुटताना उलट. पिवळी टोपी गेटच्या बाहेर जाता कामा नये, हा नियम वॉचमनकडून पाळून घेतला तर ती उन्हातही कमी राहते.