पुस्तकातलं कांसं, मुशीतलं कांसं

१९३९ साली चीनच्या हनान प्रांतात, आन्यांगजवळच्या वूगुआन गावात जमीन खणताना चार पायांचं एक अवाढव्य कांस्यपात्र लागलं. तुकडे करून विकावं म्हणून गावकऱ्यांनी त्यावर करवत चालवली, पण काम होईना. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून ते पुन्हा पुरलं आणि १९४६ मध्ये बाहेर काढलं. हेच ते होऊमूवू दिंग (दिंग म्हणजे पायांचं कांस्यपात्र). काळ शांग राजवटीचा, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. वजन सुमारे ८३२ किलो. त्यात तांबं ८४.७७ टक्के, कथील ११.६४ आणि शिसं २.७९.

आपल्याकडचा जुना ओतारी आधी मेणाची मूर्ती करायचा. शांग कारागिराचं काम बरंचसं कुंभाराचं. तो आधी मातीचं हुबेहूब भांडं घडवी, त्यावर ओली माती थापून तिचे तुकडे कापून काढी आणि भाजे. मग मूळचं मातीचं भांडं चहूबाजूंनी तासायचं. जेवढं तासलं, तेवढी भांड्याची जाडी! तुकडे पुन्हा भोवती बसवले की मधल्या फटीत रस ओतायचा. या पद्धतीची सुरुवातीची भांडी अर्लितोऊ या शांगच्याही आधीच्या वस्तीच्या जागी सापडली आहेत.

मिश्रणाचं गणित लिहिलं गेलं ते कितीतरी नंतर, ‘काओगोंग जी’ या कारागिरीवरच्या ग्रंथात. तिथे सहा प्रमाणं दिली आहेत. घंटा आणि दिंगसाठी सहा भाग ‘जिन’ला एक भाग ‘शी’. कुऱ्हाडीला पाचास एक. आरशाला तर निम्मं. जिन म्हणजे तांबं आणि शी म्हणजे कथील (कल्हईचं तेच), असं धरलं तर आरशाचा हिशेब बसत नाही. निम्मं कथील घातलेलं कांसं काचेसारखं तडकेल. प्रत्यक्षातल्या आरशांत ते साधारण पाव भागच असतं. शिशाचा तर उल्लेखच नाही, आणि रस साच्याच्या बारीक नक्षीत नीट उतरावा म्हणून शिसं तर सर्रास घालत.

२०२२ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुरीच्या आकाराच्या जुन्या चिनी नाण्यांतल्या धातूंची आकडेमोड केली. त्यांच्या मते जिन आणि शी हे शुद्ध धातू नव्हतेच, आधीच तयार केलेली दोन मिश्रणं होती. मला हे पटतं. हूबे प्रांतातल्या तोंगल्युशानला प्राचीन खाणीपाशीच भट्ट्या आणि धातुमळीचे ढीग सापडले आहेत. धातू तिथेच गाळून पुढे जात असेल, तर दूरच्या ओतशाळेत खनिज नव्हे, तयार माल पोचत होता. त्यात आधीच काय मिसळलंय हे ओतणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.