बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा

बोल्टच्या डोक्यावर आकडे, रेघा, अक्षरं उठवलेली असतात त्यावरनं तो बोल्ट किती ताकदीचा आणि कुणी बनवलाय हे कळतं. साईज कळत नाही, आणि सगळा घोळ इथंच होतो. सांगलीला कुपवाड एमआयडीसीकडच्या हार्डवेअरच्या दुकानात जरा वेळ उभं राहा, कुणीतरी ८.८ लिहिलेला बोल्ट पुढं करून "आठ एमएमचा द्या" म्हणणारच. पान्याचा नंबर परत तिसराच, ८ एमएमच्या बोल्टला १३ चा पाना लागतो.

४.६, ८.८, १०.९, १२.९ हे मेट्रिक ग्रेड, आपल्याकडं आयएस १३६७ या भारतीय मानकात दिलेत. पहिल्या आकड्याला १०० नं गुणलं की तुटायची ताकद येते, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमधे. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दहांशाला बोल्ट कायमचा लांबतो, म्हणजे ढिला केला तरी परत मूळ लांबीवर येत नाही. ८.८ वाला ८०० ला तुटणार, पण ६४० लाच लांबायला लागणार. १० एमएमचा साध्या आट्याचा बोल्ट सरळ ओढून तोडायचा तर ८.८ ला साधारण पावणेपाच टन लागतात, ४.६ ला त्याच्या निम्मे, आणि झिंक केलेले दोन्ही शेजारी ठेवले तर दिसायला जुळे भाऊ. म्हणून रंगावर जाऊ नका, काळा दिसला की हायटेन्साईल, म्हणजे जादा ताकदीचा, असं काही नसतं.

इंची बोल्टवर आकड्याऐवजी रेघा. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, कोरा असला तर ग्रेड २ धरायचा (रेघा मोजून दोन मिळवा). इंचीतला ८ आणि मेट्रिक ८.८ एक नव्हेत, इंचीतला ८ हा १०.९ च्या आसपास जातो. स्टेनलेसवर ए२-७० किंवा ए४-८० असतं, ए२ म्हणजे ३०४ जातीचं स्टील, ए४ म्हणजे ३१६ जातीचं, पुढचा आकडा दहानं गुणला की तुटायची ताकद. उलट्या आट्याच्या बोल्टवर बाण असतो, तो बघितला नाही तर सोडायच्या नादात आवळत बसाल.

ग्रेडच्या जोडीला कंपनीची खूण पाहिजेच. नुसतं ८.८ आहे आणि कुणाचं काहीच नाही तर मी तरी तो स्टेअरिंग-ब्रेकला लावणार नाही. जुन्या बोल्टवर ग्रीस-माती बसलेली असते, डिझेल लावून तारेच्या ब्रशनं घासायचं आणि वरनं खडू फिरवून पुसायचं, खोलगट आकडा असला तर पांढरा उठून दिसतो. ८.८ पासून वरचे हार्डनिंग-टेम्परिंग केलेले, म्हणजे तापवून-थंड करून ताकद आणलेले असतात, त्यामुळं ट्रॉलीवर त्या बोल्टला वेल्डिंगचा टाका मारला की डोक्यावरचा आकडा नुसता नावाला राहतो.

आणि जास्त आकडा म्हणजे चांगला असंही नाही. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो तो मुद्दाम तुटायलाच ठेवलेला, दगड लागला की बोल्ट जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. आमच्या भावकीत एकानं सारखा तुटतोय म्हणून वैतागून तिथं १२.९ घातला. बोल्ट अजून शाबूत आहे, गिअरबॉक्स मात्र नवा आणावा लागला.