सर्फॅक्टंटची जनुकीय तपासणी: रक्त देण्याआधी आईबाबांनी वाचावं

आमच्या राजारामपुरीतल्या लॅबच्या काउंटरवर या तपासणीची चिठ्ठी आली की सोबत एक प्रश्न येतोच: "बाळ पूर्ण दिवसांचं, वजनही चांगलं, मग धाप का लागते?"

दुधाची रिकामी पिशवी धुऊन ठेवा. आतल्या ओल्या बाजू एकमेकींना चिकटून बसतात. फुफ्फुसातले बारीक फुगेही आतून ओलेच असतात. श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो. त्यात सुमारे 90 टक्के स्निग्ध पदार्थ आणि बाकी प्रथिनं. कमी दिवसांच्या बाळात हा थर पुरेसा तयार झालेला नसतो, तिथे बाहेरून सर्फॅक्टंट देऊन वेळ निभावता येते. जनुकीय दोषात थर बनवायची कृतीच चुकलेली असते, म्हणून त्याच औषधाचा गुण फार टिकत नाही.

हा दोष वेगवेगळ्या जनुकांत असू शकतो. एसएफटीपीबी जनुकातल्या दोषात त्रास बहुधा जन्मानंतर काही तासांतच सुरू होतो आणि तो फार गंभीर असतो. एबीसीए3 जनुकाचा दोष या सगळ्यांत सर्वांत जास्त आढळतो. या दोन्हींत आई आणि बाबा, दोघांकडून जनुकाची सदोष प्रत आलेली असते. दोघं स्वतः ठणठणीत असतात, पण दर गरोदरपणी धोका 25 टक्के. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, त्यात एकाच आजोबांकडची प्रत दोन्हीकडून यायची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हे घडतं. एसएफटीपीसी जनुकामध्ये एकच सदोष प्रत पुरते, आणि ती पुष्कळदा बाळातच नव्याने आलेली असते. एनकेएक्स2-1 जनुकाच्या दोषात थायरॉइड आणि हालचालींवरही परिणाम दिसू शकतो.

ग्रहण पाळलं नाही, डोहाळ्यात भलतंच खाल्लं, असं म्हणत घरच्यांनी सुनेला बोल लावू नये, ही हात जोडून विनंती. यांतल्या कशानेही हे दोष येत नाहीत.

बाळाला दूध पाजूनच आणा. जांभळ्या टोपणाच्या नळीत साधारण 2 मिली रक्त घेतो, नळीवर नाव तुमच्यासमोर लिहितो. आईबाबांचंही रक्त लागतं, नाहीतर दोष कुठून आला ते कळत नाही. बाळाला रक्त चढवलं असेल तर आधी सांगा. ऑक्सिजनवरच्या बाळाला इकडे आणू नका, फोन करा. आम्ही वॉर्डात येतो.

रिपोर्टात "अर्थ अनिश्चित" असा बदल आला तर तेवढ्यावरून निदान ठरत नाही, डॉक्टरांशी बोला. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच रिपोर्ट घेऊन जनुकीय सल्लागारांना भेटा. गर्भाची तपासणी करता येते. लिंग मात्र कायद्याने कुणीही सांगू शकत नाही.